घरगुती वायफाय राउटरमधील बिघाडाचे निदान

घरगुती वायफाय राउटरमधील बिघाडाचे निदान म्हणजे घरातील बिनतारी राउटर चालू दिसत असूनही इंटरनेट मिळत नसल्यास दोष नेमका कोठे आहे, हे क्रमाने शोधून काढण्याची पद्धत. बोलीभाषेत अशा प्रसंगी 'नेट गेले' एवढेच म्हटले जाते. प्रत्यक्षात या दोन शब्दांखाली किमान चार वेगळ्या घटना येतात. फोन किंवा संगणकाचा राउटरशी संबंध तुटलेला असतो, राउटर स्वतः बिघडलेला असतो, राउटरपासून सेवापुरवठादारापर्यंतची तार किंवा ग्राहकाचे खाते बंद पडलेले असते, अथवा सेवापुरवठादाराच्या पलीकडे कोठेतरी अडथळा आलेला असतो. या चारही घटनांचे उपाय वेगळे आहेत. एका टप्प्याचा उपाय दुसऱ्या टप्प्यावर केल्यास चालू असलेली मांडणीही बिघडू शकते, म्हणून कोणतेही बटण दाबण्यापूर्वी टप्पा ओळखणे हा या निदानाचा गाभा मानला जातो.

रचना

भिंतीवर टांगलेला एकच डबा बहुतेक घरांत तीन-चार कामे करीत असतो. फायबरमधून येणाऱ्या प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करणे हे त्यातील ओएनटी या भागाचे काम होय. घरातील अनेक उपकरणांना एकाच जोडणीतून वाट करून देणे हे राउटरचे, तर बिनतारी लहरी सोडणे हे ॲक्सेस पॉइंटचे काम आहे. काही घरांत ओएनटी आणि राउटर हे दोन स्वतंत्र डबे असतात व त्यांच्यामध्ये लॅनची छोटी तार असते. दूरध्वनीच्या तांब्याच्या तारेवरून मिळणाऱ्या जुन्या ब्रॉडबँडमध्ये ओएनटीच्या जागी मोडेम असतो.

फोनच्या पडद्यावर दिसणारे पंख्यासारखे चिन्ह फक्त फोन आणि राउटर यांच्यातील संबंध दाखवते. तोटी शाबूत असली म्हणून नळाला पाणी येतेच असे नाही, तसेच हे आहे. चिन्ह पूर्ण भरलेले असतानाही पुढची तार तुटलेली असू शकते. हा फरक कळावा म्हणून आधुनिक फोन वायफायला जोडले जाताच एक छोटी चाचणी-विनंती पाठवतात आणि तिला ठरावीक उत्तर न आल्यास 'इंटरनेट नाही' असा संदेश किंवा उद्गारचिन्ह दाखवतात. काही फोन अशा वेळी गुपचूप मोबाइल डेटावर जातात. वापरणाऱ्याला आपण वायफायवरच आहोत असे वाटत राहते आणि दिवसाचा डेटा संपल्यावर बिघाड लक्षात येतो.

पार्श्वभूमी

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. त्या काळी दूरध्वनीवरून क्रमांक फिरवून जोडणी होत असे आणि घरात राउटर नसे; बिघाड शोधण्याची जागा एकच, म्हणजे मोडेम. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान वेग २५६ किलोबिट प्रतिसेकंद ठरवला. २०२३ मध्ये ही मर्यादा २ मेगाबिटपर्यंत वाढवण्यात आली. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात २००५ मध्ये परवानामुक्त झाला व त्यानंतर वायफाय घरोघर पोहोचू लागले. पुढे तांब्याच्या तारेची जागा फायबरने घेतली. या बदलाचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. जुन्या दूरध्वनीला लागणारी वीज एक्स्चेंजमधून त्याच तारेवरून येत असे, म्हणून घरातील वीज गेली तरी दूरध्वनी चालू राही. फायबरवरील दूरध्वनी राउटरच्या विजेवर चालतो. ज्या घरात मोबाइलची रेंज कमी असल्याने वायफायवरूनच बोलणे होते, तेथे राउटर बंद पडणे म्हणजे डॉक्टरला किंवा शेजाऱ्याला बोलावण्याचे साधनही बंद पडणे होय.

प्रथम निरीक्षण

निदानाची सुरुवात राउटरपासून न करता वापरणाऱ्यांपासून करावी. घरातील एकाच फोनवर इंटरनेट नसेल आणि इतरांवर असेल, तर दोष त्या फोनमध्ये आहे; राउटरला हात लावण्याचे कारण नाही. सर्वच उपकरणे बंद असतील तर शेजारी त्याच पुरवठादाराची जोडणी असलेल्या घरी विचारणा करावी. तेथेही बंद असल्यास बिघाड परिसराचा आहे आणि घरात करण्यासारखे काही उरत नाही. फक्त एखादेच संकेतस्थळ किंवा ॲप उघडत नसेल, तर ते स्वतःच बंद असण्याचा संभव अधिक. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सॲप आणि इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद होते. कारण कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात होते, आणि त्या रात्री राउटर कितीही वेळा बंद-चालू केला तरी काही उपयोग होणार नव्हता. समुद्राखालील केबल तुटल्यास बहुतेक वेळा इंटरनेट पूर्ण न जाता मंदावते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तमधील अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्यावर भारतातील परदेशी वाहतुकीवर असा मोठा परिणाम झाला होता.

दिव्यांचा अर्थ

डब्यावरील दिवे हे निदानाचे सर्वांत स्वस्त साधन आहे. उत्पादकानुसार त्यांची नावे व रंग थोडे बदलतात, पण फायबरच्या उपकरणांत तीन दिवे निर्णायक ठरतात.

'लॉस' या नावाचा दिवा तांबडा पेटला किंवा लुकलुकू लागला, तर फायबरमधून प्रकाशच येत नाही. तार कोठेतरी तुटली आहे, फार वाकली आहे किंवा तिचा जोड निघाला आहे. मराठीत सर्रास ऐकू येणारे 'लाल दिवा लागला' हे वाक्य बहुधा याच अवस्थेचे वर्णन असते. या अवस्थेत पासवर्ड बदलणे, राउटर रीसेट करणे किंवा फोनमधील मांडणी चाळवणे यांपैकी कशाचाही उपयोग नाही.

'पॉन' हा दिवा स्थिर हिरवा असल्यास प्रकाश येत आहे आणि पुरवठादाराच्या यंत्राने घरातील उपकरण ओळखलेही आहे. तो लुकलुकत राहिला तर प्रकाश पोहोचतो, पण ओळख पूर्ण होत नाही. अतिक्षीण प्रकाश किंवा पुरवठादाराकडे उपकरणाची नोंद नसणे ही त्याची नेहमीची कारणे होत.

पॉन स्थिर असून 'इंटरनेट' हा दिवा विझलेला किंवा तांबडा असेल, तर तारेत दोष नाही. दोष खात्यात किंवा मांडणीत आहे. मुदत संपलेला पॅक, थकलेले बिल, चुकीचे वापरकर्तानाव ही कारणे येथे येतात. तिन्ही दिवे ठीक असूनही इंटरनेट नसेल तर शोध घराच्या आत वळवावा.

एकही दिवा लागत नसल्यास प्रथम ॲडॉप्टर पाहावा. बहुतेक घरगुती राउटर १२ व्होल्टवर चालतात, पण ५ आणि ९ व्होल्टचेही आहेत. पिन सारखी दिसते म्हणून सेट-टॉप बॉक्सचा किंवा दुसऱ्या राउटरचा ॲडॉप्टर जोडणे धोक्याचे आहे. लेबलवरील व्होल्ट तंतोतंत जुळावे लागतात. अँपिअरचा आकडा राउटरला लागणाऱ्या आकड्याएवढा किंवा त्याहून अधिक असावा. जुना झालेला ॲडॉप्टर आणखी एक फसवे लक्षण दाखवतो. सर्व दिवे लागतात, परंतु चार-पाच जण एकाच वेळी व्हिडिओ पाहू लागले की राउटर आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतो. पुष्कळदा अशा वेळी राउटरच बदलला जातो आणि जुना ॲडॉप्टर नव्या राउटरला लावला जातो.

पुन्हा सुरू करणे आणि रीसेट

राउटर बंद करून पुन्हा चालू करणे हा सर्वांत प्रचलित उपाय आहे आणि तो निराधार नाही. राउटर हा एक छोटा संगणकच आहे. घरातील प्रत्येक उपकरणाच्या प्रत्येक संभाषणाची नोंद तो स्मृतीत ठेवतो. ही नोंदवही भरली, किंवा आज्ञावलीचा एखादा भाग अडकला, तर वीज तोडल्याने सर्व काही नव्याने सुरू होते. बटण बंद केल्यावर साधारण अर्धा मिनिट थांबावे. ओएनटी आणि राउटर वेगळे असल्यास आधी ओएनटी चालू करून त्याचे दिवे स्थिर होऊ द्यावेत व मगच राउटर चालू करावा.

पाच-पाच मिनिटांनी हाच प्रयोग करीत राहणे मात्र अपायकारक ठरू शकते. ज्या सेवांत राउटर वापरकर्तानाव व पासवर्ड देऊन जोडला जातो, तेथे पुरवठादाराच्या यंत्राला जुनी जोडणी अजून जिवंत आहे असे काही काळ वाटत राहते आणि तेवढा वेळ ते नवी जोडणी नाकारते. संपूर्ण परिसराची वीज जाऊन परत आल्यावर सर्व घरांतील उपकरणे एकदमच ओळख पटवण्यासाठी रांग लावतात. तेव्हाही काही मिनिटे वाट पाहणे हाच उपाय असतो.

रीसेट ही पूर्णपणे वेगळी क्रिया आहे. डब्याच्या मागील बारीक छिद्रात टाचणी घालून सुमारे दहा सेकंद दाबले की राउटर कारखान्यातून निघाला त्या स्थितीला जातो. वायफायचे नाव, पासवर्ड आणि पुरवठादाराने भरलेले वापरकर्तानाव व व्हीलॅनचा क्रमांक हे सारे पुसले जाते. काही सेवांत ही माहिती दूरस्थपणे आपोआप परत उतरते. स्थानिक केबलचालकांच्या जोडण्यांत ती बहुधा हाताने भरलेली असते. म्हणजे तार तुटलेली असताना रीसेट केला तर तार जोडून झाल्यावरही इंटरनेट येत नाही, आणि एका बिघाडाचे दोन होतात. दुसऱ्या दिवशी परीक्षेचा अर्ज भरण्याची शेवटची तारीख असलेल्या घरात हा फरक एका दिवसाचा असू शकतो. रीसेटचा विचार करण्यापूर्वी राउटरच्या पानावरील मांडणीची छायाचित्रे काढून ठेवावीत आणि वापरकर्तानाव व पासवर्ड पुरवठादाराकडून लिहून घ्यावेत. पानावर पासवर्ड ठिपक्यांच्या रूपात दिसतो, हे अनेकांच्या उशिरा लक्षात येते.

तारेचा टप्पा

घरगुती फायबर जोडण्यांत जीपॉन हे तंत्र सर्वाधिक प्रचलित आहे. त्यात एका फायबरमधील प्रकाश वीज न लागणाऱ्या विभाजकांतून ३२ किंवा ६४ घरांत वाटला जातो. घराकडे येणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी १४९० नॅनोमीटर असते व ती डोळ्यांना दिसत नाही. म्हणून उघड्या टोकात डोकावून प्रकाश येतो का हे पाहू नये. दिसणार काहीच नाही आणि डोळ्याला इजा होण्याचा धोका मात्र राहतो.

येणाऱ्या प्रकाशाची तीव्रता बहुतेक ओएनटींच्या पानावर डीबीएम या एककात उणे चिन्हासह दिलेली असते. सर्वसाधारण उपकरणांना उणे ८ ते उणे २७ या दरम्यानचा प्रकाश चालतो. हा आकडा जितका उणेकडे जाईल तितका प्रकाश क्षीण. उणे २० चा उणे २३ झाला तर प्रकाश निम्म्यावर आला, असा हिशेब आहे. जोडणी नवी असताना हा आकडा टिपून ठेवल्यास पुढे तुलना करता येते. पाऊस पडला की इंटरनेट जाणे आणि ऊन पडले की परत येणे, अशी तक्रार असेल तेव्हा हा आकडा निर्णायक पुरावा ठरतो, कारण तंत्रज्ञ येतो तोवर पाऊस थांबलेला असतो आणि त्याला सर्व ठीक दिसते.

फायबरच्या ज्या गाभ्यातून प्रकाश जातो त्याची जाडी अवघी ९ मायक्रोमीटर असते. जोडाच्या टोकावर बसलेली धूळ किंवा बोटाचा तेलकटपणा प्रकाश अडवण्यास पुरेसा होतो. म्हणून हिरव्या टोपीचा जोड वारंवार काढून घालू नये. फार तर तो खाचेत पूर्ण बसला आहे ना, एवढे पाहावे. तार दाराच्या फटीत चेपलेली, कपाटामागे घडी पडलेली किंवा खिळ्याला गुंडाळलेली असल्यास मोकळी करावी. करंगळीच्या जाडीएवढे घट्ट वेटोळेही प्रकाश गळण्यास कारण होते. उंदीर व खारी यांनी तार कुरतडणे हे बाहेरच्या बिघाडांतले नेहमीचे कारण आहे.

इमारतींमध्ये अजूनही दुसरी एक रचना आढळते. तीत फायबर जिन्यातील किंवा गच्चीवरील पेटीपर्यंत येतो आणि तेथील स्विचमधून लॅनची तार घराघरांत जाते. या तारेची एका टप्प्यातील मर्यादा १०० मीटर आहे. पेटीतील स्विचला वीज लागते. म्हणून वीज गेल्यावर घरातील राउटर इन्व्हर्टरवर व्यवस्थित चालू दिसतो, पण इंटरनेट नसते. थेट फायबर असलेल्या घरात विभाजकाला वीज लागत नसल्याने अशा वेळी इंटरनेट चालू राहू शकते. आपल्या घरात यांपैकी कोणती जोडणी आहे हे ठाऊक असले तर इन्व्हर्टरवर किंवा राउटरसाठीच्या छोट्या यूपीएसवर खर्च करावा की नाही, हेही ठरवता येते.

पत्ते आणि नावे

दिवे ठीक असतील तर पुढची तपासणी आकड्यांची आहे. राउटर घरातील प्रत्येक उपकरणाला एक आयपी पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. संगणकावर त्याऐवजी १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला, तर राउटरकडून पत्ता मिळालाच नाही आणि संगणकाने तो स्वतःच घेतला आहे. फोनवर हीच अवस्था 'आयपी पत्ता मिळवत आहे' येथे अडकून राहण्याच्या रूपात दिसते. घरात दुसरा राउटर आणून त्याचीही पत्ते वाटण्याची सोय चालू ठेवली असल्यास असा गोंधळ होतो. काही उपकरणे एका राउटरकडून व काही दुसऱ्याकडून पत्ता घेतात आणि निम्म्या घरातच इंटरनेट येते.

राउटरला बाहेरच्या बाजूने पुरवठादाराकडून मिळालेला पत्ता त्याच्या पानावर पाहता येतो. तेथे सर्व शून्ये असल्यास खाते किंवा ओळख यांत अडचण आहे. तेथे १० ने किंवा १००.६४ ते १००.१२७ या दरम्यानच्या आकड्यांनी सुरू होणारा पत्ता असणे हा दोष नव्हे. पत्त्यांच्या टंचाईमुळे अनेक ग्राहकांना मिळून एक सार्वजनिक पत्ता वापरला जातो, त्याची ती खूण आहे. घरातील कॅमेरा बाहेरून थेट पाहता येत नाही, ही तक्रार मात्र त्यामुळेच उद्भवते.

यानंतर पिंग ही आज्ञा उपयोगी पडते. माइक मूस यांनी ती १९८३ मध्ये लिहिली. संगणकावर ती तीन पायऱ्यांनी चालवावी. पहिल्यांदा राउटरच्या पत्त्यावर, उदाहरणार्थ १९२.१६८.१.१ वर, मग बाहेरच्या एखाद्या परिचित पत्त्यावर, जसे ८.८.८.८, आणि शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावावर. पहिल्या पायरीला उत्तर नसेल तर दोष संगणक आणि राउटर यांच्यामध्ये आहे. दुसऱ्या पायरीला नसेल तर तो राउटरच्या बाहेर. पहिल्या दोन पायऱ्यांना उत्तर येते पण नावाला येत नाही, असे झाल्यास इंटरनेट चालू असून फक्त नावाचा पत्ता सांगणारी डीएनएस ही यंत्रणा बंद आहे. राउटरमध्ये पुरवठादाराच्या डीएनएसऐवजी ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हा सार्वजनिक पत्ता भरल्यास प्रश्न सुटतो.

एकाच फोनवरील बिघाडात 'खासगी डीएनएस' ही मांडणी अवश्य पाहावी. २०१८ च्या अँड्रॉइड ९ पासून ती उपलब्ध आहे. जाहिराती थांबवण्यासाठी कोणीतरी तेथे एखादे नाव भरून ठेवतो, ती सेवा पुढे बंद पडते आणि त्या फोनवर कोणत्याही वायफायवर काहीच उघडत नाही. फोनची तारीख चुकलेली असणे हेही असेच फसवे कारण आहे. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे अवैध ठरतात व 'जोडणी सुरक्षित नाही' असा इशारा येतो.

काही संकेतस्थळे उघडतात आणि काही अर्धवट उघडून थांबतात, असे सातत्याने घडत असल्यास पॅकेटचा आकार तपासावा. वापरकर्तानावाने होणाऱ्या जोडणीत प्रत्येक पॅकेटमधील ८ बाइट ओळखीसाठी खर्च होतात, म्हणून राउटरमधील एमटीयूचा आकडा १५०० ऐवजी १४९२ असावा लागतो.

घरातील बिनतारी टप्पा

राउटरजवळ इंटरनेट आहे आणि आतल्या खोलीत नाही, ही तक्रार बिघाडाची नसून लहरींच्या मर्यादेची आहे. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी भिंतींपलीकडे अधिक दूर जातात, पण त्या पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह यांची गर्दी असते. तेथे एकमेकांवर न येणारी वाहिन्यांची नेहमीची निवड १, ६ आणि ११ ही आहे. ५ गिगाहर्ट्झचा वेग अधिक, पल्ला कमी. जुन्या फोनांना व बऱ्याच कॅमेऱ्यांना ५ गिगाहर्ट्झचा पट्टा दिसतच नाही. तसेच राउटरवर केवळ डब्ल्यूपीए३ ही सुरक्षा ठेवली तर जुनी उपकरणे पासवर्ड बरोबर असूनही जोडली जात नाहीत. राउटर लोखंडी कपाटात, दूरदर्शन संचाच्या मागे किंवा जमिनीलगत ठेवणे टाळावे. एवढ्याने अर्ध्या तक्रारी मिटतात.

वसई परिसरातील स्थिती

पालघर जिल्ह्यातील वसई तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातील गावे या विषयाच्या दृष्टीने बोलके उदाहरण आहेत. गिरीज हे त्यांपैकी एक गाव असून तेथील हिराडोंगरीवर वज्रगड हा किल्ला आहे. या पट्ट्यात नारळ, केळी आणि पानवेलींच्या वाड्या, त्यांमधील बावखले आणि वाडीच्या आत वसलेली घरे अशी वस्तीची जुनी ठेवण आहे. तिच्या शेजारीच नव्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. वाडीतील घरापर्यंत रस्त्यावरील खांबावरून येणारी तार झाडांच्या आधाराने न्यावी लागते. माडाची एक झावळी पडली तरी ती ताणली जाते. तार तुटली नाही तरी जोड ढिला होतो, आणि लॉसचा दिवा न लागता पॉनचा दिवा अधूनमधून लुकलुकू लागतो. अशा घरात राउटर बदलण्यापूर्वी खांबापासून दारापर्यंतची तार चालत जाऊन पाहणे अधिक फलदायी असते. मात्र वीजवाहिनी असलेल्या खांबावर चढणे किंवा लोंबकळणाऱ्या तारेला हात लावणे हे काम ग्राहकाचे नव्हे. फायबरची काच वीज वाहत नाही, पण तिला आधार देणारी पोलादी तार वाहते.

पावसाळ्यात या भागात बिघाडाचे स्वरूप बदलते. जुलै २०१८ मधील अतिवृष्टीत वसई, नालासोपारा व विरार येथे पाणी साचून रेल्वे थांबली आणि तालुक्याच्या मोठ्या भागाचा वीजपुरवठा खंडित झाला. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले तेव्हा झाडे पडून तारा तुटल्या. अशा प्रसंगी मोबाइलचे मनोरेही त्यांच्या बॅटऱ्या उतरल्यावर बंद पडतात, त्यामुळे घरातील फायबर आणि खिशातील फोन यांपैकी एक दुसऱ्याची जागा घेईलच याची खात्री नसते. बाहेरून येणारी तार तांब्याची असेल, म्हणजे लॅन किंवा दूरध्वनीची, तर विजांच्या कडकडाटात ती राउटरमधून काढून ठेवावी. ॲडॉप्टर काढला आणि ही तार तशीच राहिली, तर विजेचा लोंढा तिच्यावाटे आत येतो. पाण्यात भिजलेला राउटर आतून पूर्ण कोरडा होण्याआधी चालू करू नये.

नव्या इमारतींतील प्रश्न वेगळा आहे. तेथे प्रत्येक मजल्यावर दहा-बारा राउटर असल्याने २.४ गिगाहर्ट्झमधील गर्दी हेच मंदपणाचे मुख्य कारण ठरते. जुन्या कौलारू घरांत जाड भिंतींमुळे ५ गिगाहर्ट्झची लहर शेजारच्या खोलीतही पोहोचत नाही. दोन्ही ठिकाणी तक्रारीचे शब्द एकच असतात.

सुरक्षितता

राउटरच्या पानावर जाण्याचा मूळ पासवर्ड न बदलणे हेही बिघाडाचे कारण होऊ शकते. जुलै २०१७ मध्ये भारत संचार निगमच्या ब्रॉडबँड ग्राहकांच्या मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला. 'अ‍ॅडमिन' हा मूळ पासवर्ड तसाच असलेले मोडेम त्यात सापडले व त्यांची जोडणी बंद पडली. कंपनीने ग्राहकांना मोडेम रीसेट करून पासवर्ड बदलण्यास सांगितले. रीसेट हाच योग्य उपाय असलेल्या थोड्या प्रसंगांपैकी हा एक.

बिघाडाच्या वेळी होणारी फसवणूक ही अधिक गंभीर बाब आहे. इंटरनेट बंद पडल्यावर लोक मोबाइलवर पुरवठादाराच्या मदत केंद्राचा क्रमांक शोधतात आणि शोधयंत्रात भामट्यांनी पेरलेला क्रमांक वर येतो. पलीकडची व्यक्ती तक्रार नोंदवण्याच्या नावाखाली फोनचा ताबा देणारे ॲप उतरवून घेण्यास किंवा नाममात्र रक्कम भरण्यास सांगते. अशा ॲपद्वारे होणाऱ्या फसवणुकीबाबत रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्ये बँकांना सावध केले होते. राउटर दुरुस्त करण्यासाठी ओटीपी, यूपीआय पिन किंवा फोनच्या पडद्याचा ताबा लागत नाही. मदत केंद्राचा क्रमांक बिलावरून, डब्यावरील चिठ्ठीवरून किंवा पुरवठादाराच्या अधिकृत ॲपमधूनच घ्यावा. पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर लगेच कळवावे. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वाधिक असते.

तक्रार

घराबाहेरचा बिघाड असल्याचे ठरल्यावर तक्रार करताना 'नेट चालत नाही' याऐवजी निरीक्षण सांगावे. लॉसचा दिवा तांबडा आहे, किंवा पॉन स्थिर असून इंटरनेटचा दिवा विझला आहे, किंवा प्रकाशाची तीव्रता उणे २९ दिसते, असे सांगितल्यास मदत केंद्रातील व्यक्तीला राउटर बंद-चालू करण्याची पायरी वगळून थेट तंत्रज्ञ पाठवता येतो. खांबावरचे काम करणारा आणि राउटरची मांडणी करणारा हे अनेकदा वेगळे कर्मचारी असतात. चुकीचा माणूस आला तर एक दिवस वाया जातो.

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१२ च्या तक्रार निवारण नियमनानुसार प्रत्येक तक्रारीला स्वतंत्र डॉकेट क्रमांक देणे पुरवठादारावर बंधनकारक आहे. ठरलेल्या मुदतीत निवारण न झाल्यास किंवा ते समाधानकारक नसल्यास पुरवठादाराच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करता येते. तोंडी किंवा लाइनमनच्या वैयक्तिक क्रमांकावर संदेश पाठवून केलेल्या तक्रारीला असा क्रमांक मिळत नाही. काम कदाचित लवकर होते, पण न झाल्यास हातात पुरावा राहत नाही. ब्रॉडबँडच्या गुणवत्तेविषयीच्या २००६ च्या नियमनात बिघाड तीनपेक्षा अधिक कामकाजाचे दिवस टिकल्यास भाड्यात सूट देण्याची तरतूद होती. १ ऑक्टोबर २०२४ पासून त्याची जागा नव्या नियमनाने घेतली आहे. डॉकेट क्रमांक, तक्रारीची तारीख आणि जोडणी प्रत्यक्ष सुरू झाल्याची तारीख या तीन नोंदी ठेवल्यास अपिलात आणि सुटीच्या मागणीत त्या उपयोगी पडतात.